सायकलीची फ्रेम आणि हलकेपणाची किंमत

पुण्याहून कात्रजचा घाट उतरून नसरापूरच्या फाट्यास वळलें, कीं वेल्ह्याचा रस्ता लागतो. मार्गासनी मागें पडते, राजगडाचा बालेकिल्ला डोंगरांवरून डोकावूं लागतो, आणि गडाच्या पायथ्याशीं पाली हें लहानसें गांव भेटतें. बल्लाळेश्वराची पाली ती वेगळी. ही राजगडाच्या पाली दरवाजाची पाली. शिवकालीं गडाचा राजमार्ग येथूनच चढत असे. आज रविवारच्या सकाळीं या बाजूच्या रस्त्यांवर पुण्याचे सायकलस्वार दिसतात. कोणाची सायकल अल्युमिनियमची, कोणाची कार्बनची, तर एखाद्याची वडिलांच्या वेळची पोलादी. मुलाला चांगली सायकल घ्यावयाची ती कोणत्या फ्रेमची, हा प्रश्न आतां पुष्कळ घरांत निघतो आणि त्याचें उत्तर बहुधा तराजूवर शोधलें जातें. जी हलकी तीच श्रेष्ठ, असा समज आहे. परंतु फ्रेमचा इतिहास पाहिला, तर हलकेपणा कोणत्याहि काळीं फुकट मिळालेला नाहीं.

इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ली यानें १८८५ सालीं 'रोव्हर' सायकल बाजारांत आणली. दोन सारखीं चाकें आणि मागच्या चाकास साखळी, ही आजची ठेवण तिच्यापासून रूढ झाली. फ्रेम पोलादी नळ्यांची असे. १८९७ सालीं आल्फ्रेड रेनल्ड्स यानें, जेथें जोड येतो तेथें जाड आणि मध्यें पातळ अशा नळीचें पेटंट घेतलें. वजन कोठें ठेवावें व कोठें काढावें याचा हा विवेक होता. पुण्यास 'सायकलींचें शहर' हें नांव मिळालें, तें मात्र याहून पुष्कळ बोजड अशा काळ्या पोलादी सायकलीमुळें. ती अठरा-वीस किलोंची. नगरपालिकेचा बिल्ला लावून, रात्रीं दिवा लावून चालवावयाची. ज्यास ती विकत घेणें शक्य नसे, तो तासाच्या भाड्यानें घेई. वांकली तर कोपऱ्यावरचा मिस्त्री ती सरळ करी आणि पुढची पिढी त्याच सायकलीवर कॉलेजांत जाई.

१८८६ सालीं अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्समध्यें एरू यांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, विजेच्या साह्यानें अल्युमिनियम काढण्याची स्वस्त रीत शोधली. दहा वर्षांच्या आंतच या धातूच्या सायकली निघाल्या. पण त्या टिकल्या नाहींत. कारण साधें होतें. पोलादाच्या मानानें अल्युमिनियमचें वजन एकतृतीयांश, तसाच त्याचा ताठपणाहि एकतृतीयांश. पोलादाएवढीच बारीक नळी केली, तर ती लवते. नळीचा घेर वाढविला, कीं थोड्या धातूंतहि ताठपणा पुष्कळ येतो, हें सूत्र व्यवहारांत आणलें तें अमेरिकेंतील गॅरी क्लाइन यानें व त्यानंतर कॅननडेल कंपनीनें, १९७० ते १९८५ च्या दरम्यान. आजच्या अल्युमिनियम फ्रेमच्या नळ्या जाड दिसतात, त्याचें रहस्य हेंच.

कार्बनचा वंश शोधूं लागलें, तर तो बांबूपर्यंत पोहोंचतो. १८८० सालीं एडिसननें बांबूचा तंतु जाळून त्याचा कोळसा केला व तो विजेच्या दिव्यांत बसविला. १८९४ सालीं लंडनच्या एका कंपनीनें बांबूच्याच फ्रेमची सायकल विक्रीस काढली. हा धागा पुण्यापर्यंत येतो: वायुदलांतून निवृत्त झालेले शशिशेखर पाठक यांनीं 'बांबूची' या नांवानें बांबूच्या सायकली घडविल्या आहेत. बांबूचे धागे एकाच दिशेनें धांवतात. त्या दिशेनें तो अतिशय बळकट. आडवा मात्र चटकन् चिरतो. कार्बन तंतूचा स्वभावहि असाच. १९६३ सालीं इंग्लंडांत फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेंत भक्कम कार्बन तंतु तयार करण्याची रीत सांपडली. हे तंतु निरनिराळ्या दिशांनीं थरावर थर रचून राळेनें घट्ट केले, कीं कार्बनची फ्रेम होते. १९८६ सालीं ग्रेग लेमाँड यानें फ्रान्सची महाशर्यत कार्बनच्या फ्रेमवर जिंकली. १९९८ सालीं मार्को पान्तानी यानें अल्युमिनियमवर ती जिंकली. त्यानंतर तो मान अल्युमिनियमला मिळाला नाहीं. इ. स. २००० पासून आंतरराष्ट्रीय सायकल संघानें ६.८ किलोंहून हलक्या सायकलीस शर्यतींत बंदी केली. हलकेपणालाहि सीमा घालावी लागली!

या तीन पदार्थांचा खरा भेद मोडण्याच्या रीतींत आहे. पोलाद बहुधा आधीं वांकतें आणि धन्यास सावध करतें. शिवाय ठराविक मर्यादेखालचे हिसके तें जन्मभर सोसूं शकतें. अल्युमिनियमला तशी मर्यादा नाहीं. प्रत्येक हिसका वाण्याच्या वहींतील उधारीप्रमाणें जमा होत जातो आणि पुष्कळ वर्षांनीं सांध्याजवळ बारीक चीर उमटते. सायकल पुसतांना लक्ष ठेवणाऱ्यास ती बहुधा दिसते. कार्बनला असा थकवा फार कमी. परंतु दगडावर आडवा आघात बसला, तर वरचा रंग शाबूत राहून आंतले थर सुटूं शकतात. बाजारांत मडकें वाजवून घेतात, तसे जाणते लोक पडलेली कार्बनची फ्रेम नाण्यानें वाजवून पाहतात. बद्द आवाज आला, तर ती वापरीत नाहींत. आवाज चांगला आला तरीहि तेवढ्यावर न थांबतां जाणकाराकडून तपासून घेणें शहाणपणाचें. कात्रजच्या उतारावर फ्रेम तुटली, तर ती चूक सुधारण्यास अवसर मिळत नाहीं.

तेव्हां निवड सायकलीच्या कामावरून करावी. मुंबई-पुणें शर्यतींत बोरघाट चढून 'घाटाचा राजा' होण्याची ज्याची ईर्षा, जो दर पडझडीनंतर फ्रेम तपासून घेईल आणि वेळ पडल्यास ती टाकूनहि देईल, त्यानें कार्बन अवश्य घ्यावा. ज्या मुलास रोज कॉलेजांत जावयाचें, रविवारीं पालीच्या रस्त्यावरील खडी आणि खड्डे ओलांडावयाचे, आणि ज्याची सायकल भिंतीस टेकलेली असतां दोनदां पडणार, त्यास अल्युमिनियमची फ्रेम व पुढचा चिमटा तेवढा कार्बनचा, हा बेत पुरेसा आहे. उरलेल्या पैशांत रुंद, चांगले टायर घ्यावेत. खडबडीत रस्त्यावर फ्रेमपेक्षां टायरांतील हवाच अंगाला अधिक सुख देते.

दोन किलो वजन वांचविण्यासाठीं दुप्पट पैसे मोजण्यापूर्वीं घरांतील वडील माणसानें मुलास एवढेंच विचारावें: ही सायकल पडली, तर तिची जखम तुला ओळखतां येईल काय? उत्तर होकारार्थी येईपर्यंत, जिची जखम डोळ्यांस दिसते तीच सायकल घ्यावी.