परका रोगी

मी हेदवीचा. आमच्या गुहागर तालुक्यापासून गोवे बरेच दूर. परंतु सिंधुदुर्गाचा मुलूख १ मे १९८१ पर्यंत आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. म्हणूनच १ जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात गोव्याबाहेरील रुग्णांस शुल्क लागू झाले, तेव्हा ती वार्ता मला घरचीच वाटली. दोडामार्ग-सावंतवाडीकडील गरीब माणूस पिढ्यान् पिढ्या दुखणे घेऊन गोव्यातच जात आला आहे.

परक्या रोग्याचा हा प्रश्न गोव्यास नवा नाही. १५१० साली अल्बुकर्कने गोवे घेतल्यावर तेथे राजाच्या खर्चाने इस्पितळ उभे राहिले. १६०८ साली पिरार द लाव्हाल नावाचा फ्रेंच प्रवासी आजारी अवस्थेत तेथे आणला गेला. मालदीवपाशी त्याचे जहाज फुटलेले, आणि पोर्तुगीजांच्या लेखी तो संशयित परका. तरीही त्याची उत्तम शुश्रूषा झाली. तेथील चांदीच्या भांड्यांचे त्याने कौतुकाने वर्णन केले आहे. बरा होताच मात्र त्यास तुरुंगात टाकले! त्याच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत आपल्या ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर स्टीफन्स होते, हे मराठी वाचकास ऐकून मौज वाटेल.

तथापि या औदार्याची दुसरी बाजू विसरता कामा नये. ते इस्पितळ पोर्तुगीजांसाठी होते. दूरदेशीच्या फ्रेंचास तेथे खाट मिळाली, भूमिपुत्रास तेथे स्थान नव्हते.

पुढे १८४२ साली पणजीस वैद्यकीय शाळा निघाली आणि मुक्तीनंतर, १९६३ साली, तिचे गोवा मेडिकल कॉलेज झाले. आता दार भूमिपुत्रास उघडे झाले, आणि सीमेपलीकडचा शेजारी परका ठरला. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या दरांचा पाचवा हिस्सा त्याच्याकडून घेण्याचे ठरले. गोव्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. खाटा मोजक्या, खर्च गोमंतकीय करदात्याचा. खरा दोष, माझ्या मते, आपल्या मुंबई सरकारकडे जातो. जिल्हा निराळा केला, पण त्याच्या तोलाचे रुग्णालय उभारावयास चार दशके लाविली.

दोडामार्गास आंदोलन झाले. अखेर महात्मा ज्योतिबा फुले जनआरोग्य योजनेतून हा खर्च भागविण्याची वाट निघाली. त्यासाठी त्या वेळी पिवळी अथवा केशरी शिधापत्रिका दाखवावी लागे. अपघाताच्या रात्री ती कोणाच्या खिशात असते?