लघुपाणबुडीची प्रतिकृती : इतिहासाचे एक उपेक्षित साधन

प्रस्तावना :
इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, नाणी, शिलालेख व वास्तू यांचा विचार प्रथम होतो. प्रमाणबद्ध प्रतिकृतीची गणना मात्र छंदात केली जाते. दुसऱ्या महायुद्धातील जपानच्या ‘को-ह्योतेकी’ या लघुपाणबुडीची प्रतिकृती घडविताना कोणते ऐतिहासिक प्रश्न उभे राहतात, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रमाण व मानवी अनुभव :
मूळ पाणबुडी सुमारे २३.९ मीटर लांब, ४६ टन वजनाची, दोन नौसैनिकांची व दोन टॉर्पेडोंची होती. १:७२ या प्रमाणात तिची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, व्यास सुमारे अडीच सेंटिमीटर भरतो. त्याच प्रमाणातील माणसाची आकृती तिच्याशेजारी ठेवली असता ती जवळजवळ या व्यासाएवढीच दिसते. बॅटरी पुन्हा भारित करण्याची सोय पाणबुडीत नव्हती. त्यामुळे परतीची शक्यता किती क्षीण होती, हे आकडेवारीपेक्षा अधिक स्पष्टपणे उमगते.

कोणती पाणबुडी? :
३१ मे १९४२ च्या रात्री अशा तीन पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या. एक संरक्षक जाळ्यात अडकली व तिच्या नौसैनिकांनी स्फोट घडवून ती नष्ट केली. दुसरी डेप्थ चार्जच्या माऱ्यात सापडली. तिसरीच्या टॉर्पेडोमुळे ‘कुटाबुल’ हे जहाज बुडून २१ नौसैनिक मृत्युमुखी पडले. तिचे अवशेष २००६ मध्ये सापडले. कॅनबेरा येथील युद्धस्मारकात असलेली पाणबुडी मात्र पहिल्या दोहोंचे भाग जोडून सिद्ध केलेली आहे. तिची हुबेहूब प्रतिकृती म्हणजे कधीही समुद्रात न उतरलेल्या नौकेची प्रतिकृती होय. शिवाय १९४१ च्या पर्ल हार्बर मोहिमेतील व सिडनीतील पाणबुड्यांच्या अग्रभागाच्या रचनेतही फरक होता.

स्मृती व वगळणूक :
पर्ल हार्बर मोहिमेतील दहांपैकी नऊ नौसैनिकांना जपानने ‘युद्धदेव’ म्हणून गौरविले. जिवंत पकडला गेलेला काझुओ साकामाकी त्यातून वगळला गेला. याउलट सिडनीत मृत्यू पावलेल्या चार जपानी नौसैनिकांवर ऑस्ट्रेलियाने लष्करी सन्मानाने अंत्यसंस्कार केले.

निष्कर्ष :
प्रतिकृतिकाराला प्रत्येक भागाचा काळ व उगम ठरवावाच लागतो. या अर्थी ते साधनचिकित्सेचेच कार्य आहे. तथापि गौरव कोणाचा झाला व विस्मरण कोणाच्या वाट्यास आले, हे प्रतिकृती सांगू शकत नाही. ते सांगण्याचे उत्तरदायित्व इतिहासकाराचेच राहते.