झाशीचा ग्रॅनाइट आणि घंटेतले कथील

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या मनापुढे राणी लक्ष्मीबाई आणि तिचा किल्ला उभा राहतो. आज मात्र मला बोलावयाचे आहे ते त्या किल्ल्याखालच्या दगडाविषयी. शहरातील गजबजलेल्या इलाइट चौराह्यापासून किल्ल्याकडे निघालेला प्रवासी ज्या भूमीवरून चालतो, ती सारी ग्रॅनाइटची भूमी आहे. ओरछाच्या बीरसिंहदेव बुंदेल्याने १६१३ साली बंगरा टेकडीवर किल्ला बांधला, तो ह्याच दगडाच्या आधाराने. १७४२ साली झाशीची सुभेदारी हाती आल्यावर नारो शंकर यांनी किल्ल्याचा जो भाग वाढविला आणि जो पुढे शंकरगड म्हणून ओळखला गेला, त्याचा पायाही हाच.

ह्याच नारो शंकरांचे नाव नाशिककर आणखी एका गोष्टीमुळे घेतात. गोदातीरी त्यांनी १७४७ साली बांधविलेल्या रामेश्वराच्या देवळावर एक मोठी घंटा आहे. वसईच्या मोहिमेत ती पोर्तुगिजांकडून मिळाली, अशी तिची परंपरागत हकीकत सांगतात. घंटेचे कासे म्हणजे, स्थूलमानाने, चार भाग तांबे आणि एक भाग कथील. कथलाशिवाय घंटेला तो घणघणीत नाद येत नाही. आता नाशिकचा दगड म्हणजे लाव्ह्याचा काळा बसाल्ट. त्यात कथील नाही. कथील मिळते ते बहुतेक ग्रॅनाइटच्या सोबतीने. मग सहज प्रश्न पडतो: ज्या सुभेदाराची अनेक वर्षे ग्रॅनाइटच्या मुलखात गेली, त्याच्या पायाखाली कथील होते काय?

उत्तर नकारार्थी आहे. ते तसे का, हे समजून घेतले म्हणजे कथलाची सारी जन्मकथा उलगडते.

भूकवचात कथील फार थोडे असते. दहा लाख भागांत दोन-तीन भाग. खाण काढावयाची तर ते हजारपट एकवटले पाहिजे. हे काम निसर्ग ऊर्ध्वपातनाच्या रीतीने करतो. भूगर्भात खोलवर शिलारस हळूहळू थिजू लागतो, तेव्हा फेल्डस्पार आणि गारगोटी यांचे स्फटिक प्रथम आपापले घटक उचलतात. कथलाचा अणू त्यांच्या घडणीत नीट बसत नाही. तो पंक्तीत जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखा उरलेल्या रसातच राहतो. रस जितका आटतो, तितके त्यात कथील, पाणी, फ्लोरिन आणि बोरॉन वाढत जातात. शेवटी हा अत्युष्ण अर्क ग्रॅनाइटच्या माथ्यावरील भेगांत शिरतो आणि तेथे कॅसिटेराइट, म्हणजे कथलाचे ऑक्साइड, गारगोटीच्या शिरांत बसते. बहुधा असा ग्रॅनाइट जुन्या चिकणमातीचे गाळाचे खडक पुन्हा वितळून झालेला असतो.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील कथील सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी असेच साठले. ब्रह्मदेशापासून थायलंड, मलाया आणि इंडोनेशियाच्या बांका बेटापर्यंत पसरलेला कथलाचा महान पट्टाही ग्रॅनाइटचाच. तेथे पावसाने डोंगर झिजविले. परंतु कॅसिटेराइट पाण्याच्या सातपट जड आणि टणक, म्हणून ते वाहून न जाता नदीच्या रेतीत साचले. आपल्या घरोघरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना लागणारी कल्हई हा शब्दही अरबी व्यापाऱ्यांच्या कथीलवाचक शब्दावरून आला असून, त्याचा संबंध अनेक विद्वान मलाया किनाऱ्यावरील कलाह बंदराशी जोडतात. त्याआधीही, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात तांब्याबरोबर कथलाची नोंद आहे.

आता झाशीकडे वळू. बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा, म्हणजे कॉर्नवॉलच्या कितीतरी पट जुना. त्यात ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने गारगोटीच्या लांबच लांब रांगा उभ्या आहेत. एकेकाळी येथेही भेगांतून उष्ण पाणी खेळले, ह्याची ती साक्ष. पण त्या पाण्याने मुख्यतः सिलिका आणली. काही ठिकाणी पायरोफिलाइट आणि डायस्पोर ही खनिजे घडली. खाणीजोगे कथील मात्र सापडले नाही. ग्रॅनाइट आहे, गारगोटी आहे, तरी कथील नाही. दगडाच्या रूपापेक्षा त्याचे कुळ आणि त्याचा शेवटचा अर्क महत्त्वाचा, हाच ह्यातील धडा. म्हणून झाशीचा दगड आज गिट्टी होऊन रस्त्यांवर आणि रुळांखाली जातो. धातूच्या भट्टीत नव्हे.

भारतात कथील अगदीच नाही असे नव्हे. हरियाणातील तोशामच्या टेकड्यांत त्याची खनिजे आहेत. आणि मराठी श्रोत्यांना जवळचा वाटावा असा मुलूख म्हणजे बस्तर. एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक असलेले हे संस्थान. तेथील हलबी बोलीचा समावेश ग्रियर्सन यांनी भाषांच्या पाहणीत मराठीबरोबर केला होता. दंतेवाडा आणि सुकमा जिल्ह्यांत, काटेकल्याण आणि तोंगपालच्या परिसरात, पेग्मटाइट शिरांत आणि ओढ्यांच्या वाळूत कॅसिटेराइट मिळते. त्याचा पद्धतशीर शोध लागला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आजही तेथील आदिवासी स्त्री-पुरुष ओढ्याकाठची माती पाण्यात घोळून जड काळे कण वेगळे काढतात आणि विकतात. कोट्यवधी वर्षे निसर्गाने जे एकवटण्याचे काम केले, त्याचा शेवटचा टप्पा असा माणसाच्या हातांनी पुरा होतो.

आपल्या देशाला लागणारे बहुतेक कथील आजही परदेशातूनच येते. कल्हईवाला दारावरून दिसेनासा झाला, तरी रेडिओच्या आणि दूरध्वनीच्या यंत्रातील प्रत्येक डाख कथलाचाच आहे. तेव्हा बस्तरच्या ओढ्यात वाकलेल्या त्या माणसांच्या श्रमाला रास्त मोल मिळते की नाही, हा प्रश्न केवळ त्यांचा नाही, त्यांचे कथील वापरणाऱ्या आपलाही आहे. नारो शंकरांची घंटा ऐकणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की तिच्या नादातील पाचवा हिस्सा कोठल्यातरी दूरच्या डोंगरातला आहे, आणि तो तेथून कोणीतरी आपल्या हाताने काढलेला आहे.