नडगीचे दुखणे

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटेच्या अंधारात गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पळणाऱ्यांची रीघ लागते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर अंतर पळायचे असते. दोन-तीन आठवडे झाले की त्यांतले काही जण लंगडू लागतात. ‘सर, शिन पेन झालाय’ असे सांगतात आणि जागा दाखवताना घोट्याच्या वरून नडगीच्या आतल्या कडेने हात फिरवतात. मैदानावरचा सल्ला ठरलेला असतो: थांबायचे नाही, पळून पळूनच हाड पक्के होते. या सल्ल्यात एक खरी गोष्ट आहे आणि एक धोक्याची. त्या दोन्ही वेगळ्या ओळखायला वैद्यकाला शंभरांहून अधिक वर्षे लागली.

सुरुवात सैन्यापासून होते. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी नव्या शिपायांची एक तक्रार नोंदवली. लांबच्या कूचीनंतर त्यांची पावले सुजत, ठणकत; पण कुठे मार लागल्याची खूण नसे. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांच्या आवरणाला सूज येते, असे निदान त्यांनी केले. हाड मोडायचे तर माणूस पडला पाहिजे किंवा त्याच्यावर काहीतरी आदळले पाहिजे, ही समजूत तेव्हा पक्की होती. १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि दोनच वर्षांनी श्टेखो यांनी अशा पावलांची क्ष-किरण चित्रे काढली. पावलाच्या लांब हाडांना तडे गेलेले त्यांत दिसले. नुसत्या चालण्याने हाड मोडू शकते, हे तेव्हा कळले.

दुसरा धागा झुरिकमधला आहे. हेर्मान फॉन मायर हे शरीररचनेचे अभ्यासक. त्यांनी मांडीच्या हाडाचे वरचे टोक उभे कापून आतल्या बारीक जाळीची चित्रे काढली होती. १८६६ मध्ये ती कार्ल कुलमान यांच्या पाहण्यात आली. कुलमान पूल आणि पोलादी सांगाडे यांचे गणित शिकवणारे अभियंता. वाकड्या मानेच्या क्रेनवर ओझे टांगले की तिच्यात ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, जवळजवळ त्याच रेषांवर हाडातील काड्या रचलेल्या त्यांना दिसल्या. (खाटकाकडून मांडीच्या हाडाचे डोके उभे कापून आणले तर ही जाळी वर्गातही दाखवता येते. अभियांत्रिकीचा प्राध्यापक आणि शरीरशास्त्राचा प्राध्यापक एकाच चित्रापुढे उभे राहण्याचे प्रसंग आपल्या विद्यापीठांत फारसे येत नाहीत, याची आम्हाला नेहमी खंत वाटते.) बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियस व्होल्फ यांनी हा विचार पुढे नेला. ओझे बदलले की हाड आपली रचना बदलते, असे त्यांनी १८९२ च्या ग्रंथात मांडले. त्यांचे गणित पुढे जसेच्या तसे टिकले नाही. मुख्य कल्पना मात्र टिकली. मैदानावरच्या सल्ल्यातील खरी गोष्ट ती हीच.

धोका आहे तो वेळेच्या हिशेबात. हाडाची डागडुजी रस्त्याच्या कामासारखी चालते: आधी खोदकाम, मग भराव. जुने, थकलेले हाड काही पेशी विरघळवून काढतात. एका जागी हे काम साधारण तीन आठवडे चालते. मग दुसऱ्या पेशी नवे हाड भरतात, आणि त्याला सुमारे तीन महिने लागतात. एकदम पळणे वाढवले की अनेक जागी एकाच वेळी खोदकाम निघते. म्हणजे पक्के होण्याच्या वाटेवर हाड काही काळ आधीपेक्षा कच्चे असते. मुले नेमकी त्याच काळात लंगडू लागतात.

हे दोन्ही धागे नडगीपाशी एकत्र यायला वेळ लागला. १९५८ मध्ये इंग्लंडमधील अस्थिशल्यचिकित्सक मायकेल डेव्हास यांनी धावपटूंचे नडगीचे दुखणे हा हाडाला पडणाऱ्या तड्याचाच प्रकार असल्याचे मांडले. सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही, खुणा काही आठवड्यांनी उमटतात, हेही त्यांनी दाखवले. उलट १९६६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ‘शिन स्प्लिंट्स’ची व्याख्या करताना हाडाचा तडा त्यातून वगळला आणि स्नायू व कंडरा यांचा दाह तेवढा ठेवला. एका परीने आपण पुन्हा ब्राइटहाउप्ट यांच्यापाशी आलो!

व्याख्येचा वाद चालू असताना अमेरिकेच्या नौदल अकादमीत एक साधे, मोलाचे काम झाले. ते १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षाच्या २,७७७ छात्रांपैकी ९७ जणांना हे दुखणे झाले. त्यांचे पाच गट केले. विश्रांती सर्वांनाच दिली. एका गटाला तिच्या जोडीला फक्त बर्फ, दुसऱ्याला ॲस्पिरिनही, तिसऱ्याला दाह कमी करणारे दुसरे औषध, चौथ्याला टाचेमागची कंडरा ताणण्याचे व्यायाम, पाचव्याला आठवडाभर प्लास्टर. गटागटांत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. दुखणे होऊच नये म्हणून टाचेखाली फोमची गादी घालणे, ताणाचे व्यायाम, पळणे हळूहळू वाढवणे असेही उपाय केले होते. त्यांनीही फरक पडला नाही. इतके सपाट उत्तर प्रसिद्ध करायला धैर्य लागते. सर्व गटांत समान असलेली एकच गोष्ट होती, विश्रांती.

हाडाची बाजू पुन्हा वर आली ती २००१ मध्ये. दुखऱ्या भागातील नडगीच्या हाडाची घनता कमी झालेली असते, असे स्वीडनमधील संशोधकांनी मोजून दाखवले. त्याच खेळाडूंचे दुखणे गेल्यावर घनता पूर्ववत झाल्याचे त्यांनी २००३ मध्ये नोंदवले. दुखण्याचे मूळ हाडाच्या वाकण्यात किती आणि हाडावरील आवरणाच्या ओढीत किती, यावर मात्र अजून एकमत नाही. नेदरलँड्समध्ये ७४ खेळाडूंवर केलेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला टप्प्याटप्प्याने वाढवलेले पळणे, दुसऱ्याला त्यासोबत व्यायाम, तिसऱ्याला त्यासोबत घट्ट मोजे. तिन्ही गटांना पूर्ववत पळायला सरासरी शंभराहून अधिक दिवस लागले. हाडाच्या भरावालाही सुमारे तेवढेच दिवस लागतात; हा योगायोगही असू शकेल, पण आम्हाला तसे वाटत नाही.

लंगडत आलेल्या मुलाच्या बाबतीत शिक्षकाला एक तपासणी करता येईल. नडगीच्या आतल्या कडेवर अंगठ्याने खालून वर दाबत जावे. दुखणे पाच सेंटिमीटर किंवा अधिक लांबीत पसरलेले असेल तर ते बहुधा हेच दुखणे; पळणे थांबवावे, चालणे दुखत नसेल तेवढेच ठेवावे, आणि पुढे पळणे थोडे थोडे वाढवावे. एकाच बिंदूवर दाबताच मूल कळवळले, एका पायावर उडी मारता आली नाही किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणका लागला, तर हाडाला तडा गेल्याची शंका घ्यावी आणि त्याला अस्थितज्ज्ञाकडे न्यावे. तिथे काढलेले पहिले क्ष-किरण चित्र स्वच्छ निघाले तरी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी मैदानावर उभे करू नये.