महारोग आणि देहाचे पहारेकरी

अमरावती जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या काठीं ऋणमोचन हें क्षेत्र आहे. पौषांतील रविवारीं तेथें यात्रा भरते. विसाव्या शतकाच्या आरंभीं या यात्रेंत आंधळे, पांगळे व महारोगी यांना जेवूं घालणारा, फाटक्या वस्त्रांतला एक पुरुष लोकांच्या दृष्टीस पडे. पुढें सारा महाराष्ट्र त्यांना गाडगे महाराज म्हणूं लागला. त्याच जिल्ह्यांत १९४६ सालीं डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं अमरावती शहरालगत महारोग्यांसाठीं ‘तपोवन’ वसविलें. महारोग्याची सावली टाळणाऱ्या समाजास या सेवेंत अलौकिक धैर्य दिसलें. धैर्य तर तें होतेंच. परंतु तें अविचाराचें नव्हतें. याची साक्ष मनुष्याचा देहच देतो.

रक्त सूक्ष्म वाहिन्यांतून फिरत असतां त्यांतील कांहीं द्रव बाहेर पाझरतो. हा द्रव म्हणजेच लसीका. ती गोळा करून गळ्याच्या पायथ्याशीं असलेल्या शिरांतून पुन्हां रक्तांत पोंचविणाऱ्या नलिकांचें जाळें सर्व शरीरभर पसरलेलें आहे. त्याला हृदयासारखा पंप नाहीं. स्नायूंच्या हालचालीनें व श्वासोच्छ्वासानें लसीका पुढें सरकते. वाटेंत काखेंत, मानेंत, जांघेंत लहान लहान गांठी आहेत. अकोल्याकडील शेतकऱ्याच्या पायांत कांटा मोडून पिकला, कीं जांघेंत अवधाण येतें. तें अवधाण म्हणजे त्या गांठींत जमलेली पहारेकऱ्यांची फौजच होय. लसीकेबरोबर वाहत आलेला जंतु येथें अडविला जातो.

हे पहारेकरी म्हणजे रक्तांतील पांढऱ्या पेशी. १८८२ सालीं मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत कांटे टोंचून पाहिले, तों फिरत्या पेशी कांट्यांभोंवतीं जमलेल्या दिसल्या. कांहीं पेशी शत्रूस गिळतात, ही गोष्ट त्यांतून पुढें सिद्ध झाली. जर्मनीतील एर्लिख यांनीं रक्तद्रवांतील प्रतिविषांचें रहस्य उलगडलें. १९०८ सालीं दोघांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

महारोगाचा जंतु नॉर्वेमध्यें हॅन्सेन यांस १८७३ सालीं सांपडला. हा जंतु फार मंद. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारें पंधरवडा लागतो. शंभरांपैकीं सुमारें पंचाण्णव माणसांचे पहारेकरी त्याला रोगाचें मूळ धरूंच देत नाहींत. उरलेल्यांत दोन टोंकें दिसतात. कोणाचा पहारा प्रखर असतो. अंगावर थोडेच चट्टे उठतात, पण या झुंजींत शेजारचे मज्जातंतु भाजून निघतात. कोणाचा पहारा या एका जंतूपुरता निजलेला असतो. तेथें जंतु अमाप वाढतात. मज्जातंतु बधिर झाले, कीं चुलीचा चटका कळत नाहीं, पायांतला खिळा समजत नाहीं. बोटें झडतात तीं बहुधा अशा न जाणवलेल्या जखमा चिघळून.

रोगाची ही प्रकृति उमगण्यापूर्वींच मनुष्याच्या भयानें कायद्याचें रूप घेतलें होतें. १८९८ च्या कायद्यान्वये निराधार महारोग्यास पकडून आश्रमांत डांबतां येत असे. तो कायदा २०१६ सालीं रद्द झाला. या रोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची मुभा तर २०१९ पर्यंत कायम होती. औषध मात्र त्याहून कितीतरी आधीं आलें होतें. १९४० नंतरच्या दशकांत डॅप्सोन वापरांत आलें. १९८२ पासून अनेक औषधांचा एकत्रित उपचार जगभर सुरू झाला. सहा महिने किंवा वर्षभर तो घेतला म्हणजे रोग बरा होतो आणि उपचार सुरू होतांच रोग्यापासून इतरांस बाधा होण्याचें भय लवकरच सरतें.

तपोवनांत रोग्यांच्या हातीं भिक्षापात्राऐवजीं शेतीचीं अवजारें व हस्तोद्योग आले. देहाचा पहारेकरी शत्रु ओळखून मगच वार करतो. क्वचित् त्याच्या हातून घरचाच तंतु तुटतो. समाजाच्या पहारेकऱ्यानें तर शत्रु कोण याची चौकशीच केली नाहीं. जंतूला गांवाबाहेर घालवावयाचें सोडून त्यानें माणसालाच घालविलें. त्या माणसांस पुन्हां माणसांत आणण्याचें काम गाडगे महाराजांनीं आणि पटवर्धनांनीं औषधाची वाट न पाहतां आरंभिलें, हा वऱ्हाडच्या इतिहासांतील मोठा ठेवा होय.