मारून घेण्याची भाषा

आपण सीमाभागातली माणसे. भाषेचा इतिहास आपल्याकडे पोराटोरांनाही तोंडपाठ असतो. 1956 ची राज्यपुनर्रचना, 1967 चा महाजन अहवाल, 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. दुकानावरची पाटी, शाळेचे माध्यम, कचेरीतला अर्ज. आपले म्हणणे कुणी ऐकून घेत नाही तेव्हा माणसाचे काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण याच गल्ल्यांत अशीही काही माणसे राहतात, की ज्यांना मराठी बोलता येत नाही आणि कन्नडही बोलता येत नाही. त्यांतली काही स्वतःचे डोके भिंतीवर आपटतात, मनगटाला घट्टा पडेपर्यंत चावतात. लोक 'वेडा' म्हणून मोकळे होतात. या अवस्थेचे नाव ऑटिझम, मराठीत स्वमग्नता. प्रत्येक स्वमग्न माणूस स्वतःला इजा करतो असे नाही. पण जे करतात, त्यांच्याकडे जगाने कसे पाहिले याचाही एक इतिहास आहे.

तो मी लिहितो याला कारण आहे. इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, आणि माझा 31 वर्षांचा मुलगा अशांपैकीच एक आहे.

अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्सचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांची हकिकत प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळाले. ही गोष्ट जन्मजात असावी, असे त्यांनी तेव्हाच लिहिले होते. पुढे मात्र त्यांनीच आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवले. ब्रुनो बेटलहाइम यांनी 1967 च्या आपल्या पुस्तकातून तो आरोप घरोघर पोहोचवला. आई प्रेमळ नव्हती म्हणून मूल आत मिटले, असा त्याचा मथितार्थ. आपल्याकडे ग्रहणात आईने विळी हाती धरली असेल, असे म्हणत. ग्रहण वेगळे, आरोपी तीच. या आरोपाला शास्त्रीय उत्तर दिले ते एका बापाने. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांचा मुलगा स्वमग्न होता. या अवस्थेचे मूळ शरीरात आहे, असे त्यांनी 1964 साली पुस्तक लिहून मांडले. 1969 मध्ये पालकांच्या सभेत खुद्द कॅनर यांनी आईबापांना दोषमुक्त केले. तोवर एक पिढी अपराधाखाली दबून गेली होती.

आईवरचा दोष उतरू लागला, पण मुलाच्या अंगावर नवे संकट आले. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात इव्हार लोवास यांनी असे दाखवले, की मुलाने स्वतःला मारताच जवळ घेऊन समजूत घातली तर काही मुलांत मारून घेणे वाढते. निरीक्षण मोलाचे होते. पण त्याच काळात हे वागणे थांबवण्यासाठी विजेचे झटकेही वापरले गेले. 1969 साली तीन मुलांवरील प्रयोगांचा निबंध निघाला. झटका दिला की मारून घेणे चटकन थांबे, पण त्याच खोलीपुरते आणि त्याच माणसापुरते. दुसऱ्या जागी पुन्हा सुरू. मूल शांत झाले नव्हते. कुठे शांत बसायचे एवढेच शिकले होते. ही प्रथा इतिहासजमा झाली असे म्हणवत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेत चालणाऱ्या झटक्यांच्या यंत्रावर अमेरिकी सरकारने 2020 साली बंदी घातली. 2021 मध्ये न्यायालयाने ती रद्द ठरवली. 2024 मध्ये बंदीचा प्रस्ताव पुन्हा मांडावा लागला.

खरे वळण आले ते एका साध्या प्रश्नाने. 'हे थांबवायचे कसे' याआधी 'हे होते कशासाठी' असे कुणी तरी विचारले. एडवर्ड कार यांनी 1977 साली या वागण्याची निरनिराळी कारणे तपासणारा लेख लिहिला. 1982 मध्ये ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कॅनर यांच्याच बाल्टिमोर शहरात, नऊ जणांचे निरीक्षण केले. पद्धत अगदी सोपी. एकदा मुलाला एकटे ठेवायचे, एकदा काम सांगायचे, एकदा मारून घेताच लक्ष द्यायचे, एकदा नुसते खेळू द्यायचे; प्रत्येक वेळी 15 मिनिटे. नऊपैकी सहा जणांत दिसले, की इजा ठरावीक परिस्थितीतच जास्त होते. म्हणजे एक मुलगा काम टाळण्यासाठी मारून घेतो, दुसरा कुणी जवळ यावे म्हणून. बाहेरून कृती एकच, अर्थ निराळे.

1985 मध्ये कार आणि मार्क ड्युरँड यांनी पुढचे पाऊल टाकले. 'मला समजत नाही' असे म्हणायला त्यांनी मुलांना शिकवले आणि तसे म्हणताच मदत दिली. त्रासदायक वागणे कमी झाले. ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्यासाठी त्याच सुमारास चित्रे हाती देऊन मागण्याची रीत निघाली. पाण्याचे चित्र दिले की पाणी मिळते. थोडक्यात, मारून घेणे हे पुष्कळदा एक वाक्य असते. त्याऐवजी दुसरे, सोपे वाक्य हाती दिले तर पहिल्याची गरज उरत नाही.

मात्र प्रत्येक वेळी ते वाक्य माणसांना उद्देशून असतेच असे नाही. दाढ किडली, कान ठणकला, पोट साफ नाही, पित्त उसळले, तर न बोलणारा माणूस डोक्यावर बुक्की मारतो. म्हणून वागणे अचानक वाढले की पहिली फेरी दातांच्या आणि पोटाच्या डॉक्टरांकडे. औषधांनाही जागा आहे. रिस्पेरिडोनला अमेरिकेत 2006 साली स्वमग्न मुलांच्या चिडचिडीसाठी मान्यता मिळाली, तीत स्वतःला इजा करणेही येते. पण त्याने वजन वाढते, गुंगी येते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते घ्यायचे, आणि दाढेच्या दुखण्यावर तो इलाज नव्हे.

आपल्या भागातल्या आईबापांना आणखी एक सल्ला हमखास मिळतो : घरात एकच भाषा बोला, नाहीतर मूल गोंधळेल. दोन भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलाच्या भाषेचे नुकसान होते, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. आजीने 'पाणी' म्हणावे, शाळेतल्या बाईंनी 'नीरु' म्हणावे. चित्र दोघींचे एकच असले म्हणजे झाले.

आपल्या देशातला इतिहास दोरखंडाचा आणि साखळीचा आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे मनोरुग्णांच्या झोपडीवजा निवाऱ्याला आग लागली आणि साखळीने बांधलेल्या 28 जणांचा अंत झाला. ते रुग्ण होते, स्वमग्न नव्हेत, पण बांधून ठेवणाऱ्या घरांना हा भेद कुठला? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला स्पष्ट मनाई केली. 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. ते 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले, आणि 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांतही आले. दिल्लीत 1991 साली मेरी बरुआ या एका आईने 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' उभी केली. अशा पालकांचा या कायद्यांमागे वाटा आहे.

न्यास कायद्यातील एक गोष्ट मात्र पुष्कळ घरांना ठाऊक नसते. मूल 18 वर्षांचे झाले की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. ते काम आपले हातपाय चालताहेत तोवर उरकावे.

आणि एक वही ठेवावी. मुलाने कधी मारून घेतले, त्याआधी काय घडले, त्यानंतर त्याला काय मिळाले, हे तारीखवार लिहावे. इतिहासाच्या मास्तराला ही सवयच असते, पण ती कुणालाही जमेल. महिन्याभरात काही ना काही अर्थ दिसू लागतो. मुलगा कानाला हात लावून डोलतो म्हणजे मिक्सरचा आवाज सोसत नाही. मनगट तोंडाशी नेतो म्हणजे आता पुरे, बाहेर जायचे आहे. आमच्या घरच्या वहीत डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर कन्नड आहे. आम्हा दोघांच्या माघारी त्याला जेवू घालणारा हात कुठली भाषा बोलत असेल, हे आज कोण सांगणार? त्याचे म्हणणे मात्र त्या हाताला वाचता आले पाहिजे.