शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता आणि आभासी वास्तव

शस्त्रक्रियेच्या आधी, तसेच ती चालू असताना रुग्णाला वाटणारी भीती कमी करण्यासाठी आभासी वास्तव अर्थात व्हर्च्युअल रिॲलिटी या तंत्राचा वापर केला जातो. डोळ्यांवर हेडसेट चढवला की रुग्णाभोवती त्रिमितीय दृश्य उभे राहते व मान वळवताच तेही वळते. भोवतालचे रुग्णालय मात्र दिसेनासे होते.

पार्श्वभूमी

आईवडिलांपासून दूर जाणे, अनोळखी खोली आणि भूल देण्यासाठी तोंडावर येणारा मुखवटा यांमुळे लहान मुले विशेष घाबरतात. अशा मुलांना शस्त्रक्रियेनंतर वेदना अधिक जाणवतात, तसेच झोपेच्या तक्रारीही अधिक आढळतात. म्हणूनच ही भीती केवळ रडारडीचा प्रश्न ठरत नाही. मिडाझोलामसारखे औषध आधी देण्याची पद्धत रूढ आहे. मात्र त्याची गुंगी लांबू शकते.

इतिहास

या वापराचे मूळ शस्त्रक्रियागृहात नसून भाजलेल्या रुग्णांच्या मलमपट्टीत आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठाचे हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी हे प्रयोग केले. दोन किशोरवयीन रुग्णांवरील त्यांचा अभ्यास २००० साली ‘पेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांच्या ‘स्नोवर्ल्ड’ या खेळात रुग्ण बर्फाळ दरीतून जाताना हिममानवांवर व पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो.

प्रकार व संशोधन

या वापराचे दोन प्रकार असून त्यांची पुष्कळदा गल्लत होते. स्नोवर्ल्डप्रमाणे लक्ष दुसरीकडे वेधणे हा पहिला प्रकार. पुढे काय घडणार आहे ते आधीच दाखवून ठेवणे हा दुसरा. पहिला भीतीचे कारण दृष्टीआड करतो, तर दुसरा ते ओळखीचे करतो.

दुसऱ्या प्रकाराविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. दक्षिण कोरियातील सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या बुंदांग रुग्णालयात ४ ते १० वर्षांच्या ६९ मुलांवर चाचणी झाली (२०१७). काही मुलांना तेथील लोकप्रिय कार्टूनमधील पोरोरो हा पेंग्विन शस्त्रक्रियागृहात फिरवून आणत असल्याची ४ मिनिटांची चित्रफीत दाखवण्यात आली. चिंतेच्या मोजपट्टीवर या मुलांचा मध्यक ३१.७, तर इतरांचा ५१.७ आला. याउलट नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ४ ते १२ वर्षांच्या सुमारे २०० मुलांवर झालेल्या चाचणीत (२०१९) चिंतेत फरक आढळला नाही. मात्र टॉन्सिल वा अ‍ॅडिनॉइड काढलेल्या मुलांपैकी हेडसेट वापरलेल्यांना जादा वेदनाशामक कमी वेळा लागले. त्यामुळे एकाच चाचणीच्या आधारे हे तंत्र ‘सिद्ध’ झाल्याचे म्हणणे घाईचे ठरते.

प्रौढांत स्थानिक भूल देऊन केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांतही हेडसेट वापरला जातो. बोस्टन येथे हाताच्या शस्त्रक्रियेच्या ३४ रुग्णांवरील चाचणीत (२०२२) हेडसेट वापरणाऱ्यांना प्रोपोफॉल हे गुंगीचे औषध बरेच कमी लागले.

मर्यादा

काहींना हेडसेटमुळे चक्कर येते किंवा मळमळते. अपस्माराच्या रुग्णांबाबत सावधगिरी बाळगावी लागते, तर चेहऱ्यावर वा डोक्यावर जखम असल्यास हेडसेट बसवणेच अवघड होते. प्रत्येक रुग्णानंतर तो निर्जंतुक करावा लागतो.